रंगीत पक्षी फोटोत दिसतात, मग जंगलात गेल्यावर कुठे जातात?

2024 च्या फेब्रुवारीत एक बातमी फिरत होती, पीटर केस्टनर नावाच्या अमेरिकन माणसाने फिलिपिन्समधल्या मिंडानाओ बेटावर आपला दहा हजारावा पक्षी बघितला. दहा हजार पक्षी नाही, पक्ष्यांच्या दहा हजार जाती. हा माणूस परराष्ट्र खात्यात नोकरीला, दिल्लीच्या वकिलातीतही होता, आणि जिथे बदली होईल तिथले पक्षी बघत बघत त्याने आयुष्य काढलं. मग 2025 च्या जूनमध्ये ॲव्हीलिस्ट नावाची जगातल्या सगळ्या पक्ष्यांची एक सामायिक यादी आली, तिच्यात 11,131 जाती आहेत. त्याआधी तीन-चार संस्थांच्या वेगवेगळ्या याद्या होत्या, एकीत जो पक्षी स्वतंत्र जात तोच दुसरीत नुसती उपजात, त्यामुळे कुणी किती बघितले ह्यावर वाद व्हायचे.

आता ह्याच्या उलट बाजूला आपल्याकडचे लोक बघा. पैसे साठवून कोस्टारिकाला नाहीतर थायलंडच्या जंगलात जाऊन येतात आणि विचारलं तर म्हणतात, जंगल एक नंबर होतं पण पक्षी काही फारसे दिसले नाहीत, आवाज खूप येत होते. फोटोत तो पक्षी एवढा झगझगीत, आणि प्रत्यक्षात पानाआड हललेली एक काळी सावली. मग सगळे म्हणतात नशीब लागतं. माझं म्हणणं असं की नशीब थोडंच लागतं, जास्त लागतं ते एक साधं गणित समजणं: पक्ष्याचा रंग हा त्याने दुसऱ्या पक्ष्याला दाखवायला कमावलेला असतो, आणि तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या उजेडातच दाखवला जातो. तिथे आपण नसू तर तोच पक्षी दहा फुटांवर असूनही दिसत नाही.

आधी हे बघू की रंग येतो कुठून

पिसांना रंग येण्याचे दोन मार्ग. पहिला मार्ग म्हणजे रंगद्रव्य, म्हणजे पिसात प्रत्यक्ष भरलेला रंगीत पदार्थ. काळा, करडा, तपकिरी हे रंग मेलॅनिनचे, आपल्या केसांत आणि कातडीत असतं तेच. पिवळा, नारिंगी, लाल हे बऱ्याचदा कॅरोटिनॉइडचे, म्हणजे गाजरात आणि टोमॅटोत जी रंगद्रव्यं असतात त्या घराण्यातले. ह्यातली गंमत अशी की कॅरोटिनॉइड पक्ष्याला शरीरात मुळापासून तयार करता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या छोट्या फ्लेमिंगोंचं घ्या, ते पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातात आणि त्यातूनच गुलाबी होतात, थव्यात जे राखाडी-मळकट दिसतात ते लहान वयाचे, त्यांचं खाणं अजून रंगात उतरलेलं नाही. म्हणजे मादीने नराचा लाल-पिवळा रंग बघितला की तिला त्याचं खाणंपिणं कसं चाललंय ह्याचा अंदाज येतो.

काही घराण्यांची स्वतःची खास रंगद्रव्यं आहेत. पोपटांचा लाल-पिवळा रंग त्यांच्या शरीरातच तयार होतो आणि तो पदार्थ पोपट सोडून दुसऱ्या कुठल्याच पक्ष्यात सापडत नाही. आफ्रिकेत टुराको नावाचे पक्षी आहेत, त्यांच्या पंखातला गडद लाल रंग तांबं असलेल्या रंगद्रव्यामुळे येतो, खरंखुरं तांबं, धातू. तो पक्षी झाडावर बसला की हिरवा-निळा दिसतो आणि उडाला की पंख लालभडक.

निळा रंग पिसात नसतोच

आता दुसरा मार्ग, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. पक्ष्यांत निळं रंगद्रव्य सापडलेलंच नाही. मोराची मान, खंड्याची पाठ, नीलपंखाचे पंख, ह्यातलं काहीही निळ्या पदार्थामुळे निळं नाही. पिसाच्या आत केराटिनची (आपली नखं ज्याची असतात तेच) अतिशय बारीक रचना असते, हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, नाहीतर मेलॅनिनच्या कणांचे थर असतात, आणि त्यावर पडलेल्या प्रकाशातला फक्त निळा किंवा हिरवा भाग आपल्याकडे परत फेकला जातो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलच्या तवंगात इंद्रधनुष्य दिसतं ना, पेट्रोलला स्वतःला तो रंग नसतो, थराची जाडी आणि बघण्याचा कोन ह्यातून तो येतो, तसंच हे. निळं पीस कुटून भुगा केलं तर निळा रंग जातो आणि मळकट तपकिरी भुकटी उरते, कारण रचनाच मोडली.

पोपटाचा हिरवा रंगसुद्धा बऱ्याचदा दोघांची बेरीज असतो, रचनेतून आलेला निळा अधिक रंगद्रव्याचा पिवळा. पाळीव पक्ष्यांच्या दुकानात ज्यांना आपण लव्हबर्ड म्हणतो ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातले बजरीगर असतात, निसर्गात ते हिरवेच, पण ज्या पक्ष्यात जन्मतः पिवळं रंगद्रव्य तयार होत नाही तो निळा निघतो. त्याच्यात निळं काही जास्तीचं आलेलं नसतं, पिवळं तेवढं गेलेलं असतं.

हे सगळं ट्रिपला जाणाऱ्याने का समजून घ्यायचं? कारण रचनेचा रंग, त्यातही जो हलला की लकाकतो तो, कोनावर चालतो. हमिंगबर्डचा गळा एका क्षणी कोळशासारखा काळा असतो आणि त्याने मान किंचित वळवली की पेटल्यागत जांभळा किंवा लाल होतो. सूर्य तुमच्या समोर आणि पक्षी मध्ये असेल तर जगातला सगळ्यात रंगीत पक्षीही काळा ठिपकाच दिसणार. सूर्य पाठीशी घ्या, जमत नसेल तर वाटेच्या दुसऱ्या बाजूला जा, पक्षी वळेपर्यंत थांबा. एवढी एक सवय लागली ना, तर निम्मे "दिसले नाहीत" वाले पक्षी दिसायला लागतात, आणि हे आपल्या शिंजीरावरही (सनबर्ड) लागू आहे, गॅलरीतल्या जास्वंदीवर येणारा जांभळा शिंजीर सावलीत नुसता काळा आणि उन्हात आला की बघत राहावा असा. (बाय द वे, हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, भारतात नाहीत. "आमच्या बागेत हमिंगबर्ड आला" असे मेसेज दरवर्षी येतात, तो शिंजीर असतो किंवा दिवसा उडणारा एक पतंग, म्हणजे फुलपाखरासारखा कीटक.)

तो रंग आपल्यासाठी नाहीये

इंडोनेशियाच्या नैऋत्य पापुआ प्रांतात राजा आम्पात बेटं आहेत, त्यातल्या वायगेओ आणि बटांटा ह्या दोन मोठ्या बेटांवर विल्सन्स बर्ड ऑफ पॅरेडाइज नावाचा स्वर्गीय पक्षी राहतो. लाल पाठ, मानेवर पिवळा चौकोन, डोक्यावर निळी उघडी कातडी, शेपटीत दोन गोल वळलेल्या तारा. नर जंगलातल्या जमिनीवर एक छोटी जागा निवडतो आणि तिथलं एकूण एक पान चोचीने उचलून बाहेर टाकतो, वाळलेलं पान, हिरवं पान, काडी, काहीही ठेवत नाही. मग मादी आली की ती वरच्या काटकीवर बसून खाली बघते, आणि नर खाली उभा राहून छाती वर करून फुलवतो. त्या छातीवर हिरवी ढाल असते जी बाजूने बघितली तर गडद, मळकी दिसते आणि बरोबर वरून, म्हणजे मादीच्या जागेवरून, लखलखीत पाचूसारखी. पानं का उचलायची तेही इथे कळतं, रिकाम्या तपकिरी जमिनीवर लाल-हिरवा रंग उठून दिसतो, हिरव्या पानांच्या गर्दीत तो हरवला असता.

जॉन एंडलर आणि मार्क तेरी ह्या दोन जीवशास्त्रज्ञांनी 1996 साली दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानाच्या जंगलात नाचणाऱ्या पक्ष्यांच्या तीन जातींवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. त्यांनी प्रत्यक्ष जंगलातला उजेड मोजला, आणि निघालं असं की हे नर नाचायची जागा आणि वेळ अशी निवडतात की त्या उजेडात त्यांचा रंग सगळ्यात उठून दिसेल, आणि नाच संपला की जिथे तो रंग कमी दिसेल तिथे जाऊन बसतात. माझ्या मते पर्यटकाला ह्याच्यापेक्षा उपयोगाची दुसरी माहिती नाही. झगझगीत पक्षी दिवसातला बराच वेळ लपण्यातच घालवतो, कारण ससाण्यालाही तो रंग दिसतोच की.

आणि आपल्याला दिसतं ते सगळं नसतंच. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, बहुतेक पक्ष्यांत चार, त्यांना अतिनील प्रकाशही दिसतो. युरोपातल्या ब्लू टिट नावाच्या चिमुकल्या पक्ष्याचे नर-मादी आपल्याला जवळजवळ सारखे दिसतात, पण नराच्या डोक्यावरची टोपी अतिनील प्रकाशात चमकते आणि माद्यांना फरक कळतो.

विषुववृत्ताजवळ पक्षी जास्त रंगीत असतात हा जुना समज खरा आहे का, हेही तपासून झालंय, 2022 मध्ये साडेचार हजारांहून जास्त जातींच्या संग्रहालयातल्या नमुन्यांचे फोटो कॉम्प्युटरने मोजून. उत्तर हो असं आलं. फळं आणि मधावर जगणाऱ्या, दाट जंगलात राहणाऱ्या जाती जास्त रंगीत निघाल्या. पण त्याच जंगलात खाली जमिनीवर फिरणारे कितीतरी पक्षी संपूर्ण मातकट असतात, हेही लक्षात असू द्या, सगळं ॲमेझॉन रंगपंचमी खेळत नसतं.

मग उभं कुठे राहायचं

फिरत राहून पक्षी सापडतात ही समजूत पहिल्यांदा सोडायची. रंगीत पक्षी सापडतात ते नाचाच्या आखाड्यावर, पिकलेल्या झाडापाशी, मिठाच्या जागी, आणि मिश्र थव्यात.

आखाडा म्हणजे जिथे बरेच नर रोज जमून माद्यांसमोर नाचतात ती जागा. अँडीज पर्वतातला कॉक-ऑफ-द-रॉक, पेरूचा राष्ट्रीय पक्षी, नर नारिंगी-लाल, डोक्यावर पंख्यासारखा तुरा, चोच जवळजवळ झाकलेली. पेरूत मानू राष्ट्रीय उद्यानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ह्यांचे आखाडे आहेत आणि नर तिथे पहाटे आणि संध्याकाळकडे जमतात. सकाळी नऊला नाश्ता करून गेलात तर रिकामं झाड बघाल. अंधारात पोचायचं, बसायचं.

पिकलेलं झाड म्हटलं की केत्साल. मध्य अमेरिकेतला हा पक्षी, पाठ सोनेरी-हिरवी, पोट लाल, आणि नराची शेपटीवरून खाली लोंबणारी पिसं जवळपास मीटरभर. कोस्टारिकात सान हेरार्दो दे दोता नावाच्या थंड डोंगराळ दरीत लोक ह्याच्यासाठी जातात. पाठमोरा बसला तर ओल्या पानांत तो कुणालाही दिसणार नाही, इतका तो हिरवा मिसळून जातो, आणि बसतोही एकदम स्तब्ध. पण तो रानटी ॲव्होकॅडोच्या छोट्या फळांवर जगतो (आपली दालचिनी आणि तमालपत्र त्याच कुळातली), आणि फळं जशी वरखाली पिकतात तसा डोंगरात वरखाली सरकतो. म्हणून तिथला गाईड केत्साल शोधायला जातच नाही, कुणाच्या शेतातलं कुठलं झाड पिकलंय ते त्याला माहीत असतं आणि तो तुम्हाला त्या झाडाखाली उभं करतो. पक्षी येतो, फांदीवरून उडून हवेतल्या हवेत एक फळ तोडतो, परत बसतो, आख्खं गिळतो आणि मग बराच वेळ काहीच करत नाही. थोड्या वेळाने बी तोंडातून बाहेर टाकतो. तेवढ्या वेळात त्याला पोटभर बघून घ्या, मोबाईल नंतर.

मिठाची जागा ही पोपटांची गोष्ट. पेरूच्या आग्नेयेला तांबोपाता नदीकाठी मातीचे उभे कडे आहेत, तिथे सकाळी मकाव नावाचे मोठे पोपट आणि छोटे पोपट येऊन माती खातात. आधी वाटायचं की कच्च्या फळांतलं विष मारायला खातात, नंतरच्या अभ्यासात सोडियमचं कारण जास्त पटणारं निघालं, समुद्रापासून एवढ्या लांब पश्चिम ॲमेझॉनमध्ये खाण्यात मीठच फार कमी. पाऊस असला की येत नाहीत, म्हणून एकच सकाळ हातात ठेवून जाऊ नका.

आणि मिश्र थवा. जंगल तासभर शांत असतं आणि मग अचानक पाच मिनिटांत वीस-पंचवीस पक्षी, सगळे वेगवेगळ्या जातींचे, एकाच दिशेने कीटक खात सरकताना दिसतात. श्रीलंकेतलं सिंहराजा जंगल ह्यासाठी प्रसिद्ध, तिथे सातभाईंचे भाऊबंद गलका करत पुढे असतात, भृंगराज बरोबर असतो, आणि त्यांच्या आसऱ्याने लाजरे पक्षी येतात, तिथली निळी-तांबडी मॅगपायसुद्धा. शांततेला कंटाळून लोक परत फिरतात आणि थवा त्यांच्या पाठीमागून जातो. वैताग आला तरी थांबा.

'दुर्मिळ' म्हणजे नेमकं काय

हा शब्द आपण फार सैल वापरतो. एखादा पक्षी दुर्मिळ असण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि कारणाप्रमाणे तो बघायची युक्ती बदलते. काही पक्षी प्रदेशनिष्ठ असतात, म्हणजे जगात एकाच लहान भागात राहणारे, पण त्या भागात भरपूर. आपल्या पश्चिम घाटातला मलबारी राखी धनेश घ्या, परदेशी बर्डर (पक्षी बघत फिरणारे) त्याच्यासाठी विमानाचं तिकीट काढतात आणि गोव्यात एखाद्या कुळागरात तो गलका करत फिरत असतो. तिथे जायचं, बघायचं, विषय संपला. काही वाट चुकलेले पाहुणे असतात, 2021 च्या फेब्रुवारीत आसामात तिनसुकियाजवळच्या मागुरी बिल ह्या पाणथळीत रंगीबेरंगी मंदारिन बदक आलं तर बातम्या झाल्या, पण पूर्व आशियात ते बदक काही नवलाईचं नाही. काही पक्षी संख्येने ठीकठाक पण अतिशय लपणारे. आणि काही खरोखरच संपत आलेले, जसा आपला माळढोक, ज्यासाठी सोलापूरजवळ नान्नजचं अभयारण्य झालं.

रानपिंगळ्याची गोष्ट मला ह्या सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्याच मातीत घडलीय. ह्या छोट्या घुबडाची 1873 साली ए. ओ. ह्यूम ह्या पक्षीअभ्यासकाने शास्त्राला ओळख करून दिली, 1884 नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नाही, मग तो नामशेष झाला असंच धरलं गेलं. अधेमधे शोधायला गेलेले लोक रिकाम्या हाताने आले, आणि त्यामागचं एक कारण फार वाईट आहे: मेनर्टझहागन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून, नव्याने भरून, त्यावर 1914 सालचं आणि गुजरातमधल्या मांडवीचं खोटं लेबल लावलं होतं. म्हणजे नकाशाच चुकीचा. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन ह्यांनी तो खोटेपणा उघडा पाडला, फक्त खरे जुने नमुने जिथून आले तिथेच शोधायचं ठरवलं, आणि 1997 च्या नोव्हेंबरमध्ये बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ह्यांच्याबरोबर शहाद्याजवळ, तेव्हाचा धुळे जिल्हा आणि आता नंदुरबार, त्यांना रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी. दिवसाउजेडी, निष्पर्ण झाडावर बसलेला, कारण हे घुबड दिवसाही वावरतं. नंतर मेळघाटात सापडला, मुंबईच्या जवळ तानसातही सापडला. इतकी वर्षं तो होताच, बघणारे चुकीच्या ठिकाणी उभे होते.

असंच 2022 मध्ये पापुआ न्यू गिनीच्या फर्ग्युसन बेटावर एका कबुतराचा फोटो ट्रॅप कॅमेऱ्यात आला, ब्लॅक-नेप्ड फेझंट पिजन, ज्याची शेवटची नोंद 1882 ची होती. तिथेही कॅमेरे कुठे लावायचे ते गावातल्या शिकाऱ्यांनी सांगितलं.

"पण माझ्याकडे एवढा मोठा कॅमेरा नाहीये"

नसू दे. कॅमेऱ्याआधी दुर्बीण. दुर्बिणीवर 8×42 असं लिहिलेलं असतं, त्यातला 8 म्हणजे किती पट जवळ दिसणार आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी कळते, इथे साधारण सव्वापाच मिलिमीटर. दुकानदार 12×25 ची छोटीशी दुर्बीण "जास्त पॉवर" म्हणून देईल, तिथे हा आकडा जेमतेम दोन. उघड्या माळावर भर उन्हात चालून जाईल, पण जंगलातल्या काळोखात तिच्यातून रंगच कळणार नाही, शिवाय 12 पटीत हाताची थरथरही 12 पट दिसते. जंगलासाठी 8×42 घ्या आणि घरी खिडकीतून साळुंक्यांवर रोज सराव करा, पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची, हे हाताला जमायला वेळ लागतो.

"ॲप आहे ना, मग गाईड कशाला"

मर्लिन ॲप खरंच भारी आहे, कॉर्नेलच्या पक्षीविज्ञान प्रयोगशाळेचं, फुकट, आवाज ऐकवला की नाव सुचवतं, आणि त्याच लोकांचं ईबर्ड, जिथे जगभरचे लोक आपल्या याद्या टाकतात, त्यावरून कुठल्या महिन्यात कुठे काय दिसतं ते कळतं. जाण्याआधी घरी बसून हे बघाच. पण ॲपला कालपर्यंतचं माहीत असतं, आज पहाटे कुठलं झाड पिकलं ते गाईडलाच माहीत. इक्वाडोरमध्ये मिंदोजवळ आन्हेल पास नावाचे शेतकरी आहेत, त्यांच्या जमिनीत कॉक-ऑफ-द-रॉकचा आखाडा निघाला, तिथली पायवाट बनवताना उकरलेल्या मातीतले किडे खायला जायंट अँटपिटा नावाचा अतिशय लाजरा पक्षी यायला लागला. त्यांनी तिला गांडुळं टाकायला सुरुवात केली, मारिया नाव ठेवलं, हाक मारली की ती झाडीतून टुणटुण बाहेर यायची. अख्ख्या जगातले बर्डर ज्या पक्ष्याचा नुसता आवाज ऐकून परत जायचे तो असा समोर येऊन गांडूळ खातो, हे कुठल्या ॲपने होणार होतं?

आणि ॲपचा एक वाईट उपयोग होतो तो सांगायलाच हवा. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं. विणीच्या दिवसात नराला वाटतं की हद्दीत दुसरा नर घुसला, तो खाणं सोडून, घरट्यावरची राखण सोडून भांडायला येतो. एकदा वाजवलं तर कदाचित काही होणार नाही, पण जिथे रोज चार गट येतात तिथे त्याचा दिवस त्यातच जातो. स्पीकर काढणारा गाईड असेल तर त्याला सरळ सांगा, नको.

"लोकेशन टाकलं तर काय बिघडलं"

तिबोटी खंड्याचं बघा. जांभळा, निळा, नारिंगी असा मुठीत मावेल एवढा पक्षी, पावसाळ्यात कोकणात विणीला येतो, ओढ्याकाठच्या मातीत बोगदा करून घरटं करतो. त्या बोगद्याचा पत्ता एका ग्रुपवर पडला की पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. माणसं समोर असली की आईबाप तोंडात पाल किंवा खेकडा धरून समोरच्या फांदीवर ताटकळत बसतात, आत जात नाहीत, आणि पिल्लं उपाशी राहतात. हे बघवत नाही हो. ईबर्ड काही संवेदनशील जातींच्या जागा मुद्दाम लपवतं, आपल्याकडच्या बऱ्याच पक्षीमित्र गटांनी घरट्यांचे फोटो घेणं बंद केलंय, ते योग्यच आहे. फोटो टाका, तालुक्याचं नाव टाका, पिन टाकू नका, आणि घरट्याचा फोटो तर मुळात काढूच नका.

"विमानाने एवढं लांब जाऊन बघण्यात पक्ष्यांचं काय भलं"

प्रश्न रास्त आहे, विमानाचा धूर खरा आहे आणि तो जंगलांच्या मुळावर येतो. दुसरी बाजूही खरी आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी न्यू गिनीचे स्वर्गीय पक्षी युरोपातल्या बायकांच्या टोप्यांसाठी हजारोंनी मारले जात होते, ब्रिटनने 1921 साली पिसांच्या आयातीवर बंदी घातली. आज त्याच भागातल्या गावांत लोक लपून बघायचे आडोसे बांधतात, आखाड्याची राखण करतात, आणि जिवंत पक्षी दाखवायचे पैसे घेतात. ते पैसे आले नाहीत तर झाड तोडणाऱ्याचे पैसे येतातच, तो वाट बघत उभाच असतो. म्हणून मला वाटतं, जायचं तर कमी वेळा जा, एकाच भागात जास्त दिवस राहा, आणि राहण्याखाण्याचा पैसा त्या गावातच जाईल असं बघा. आठ दिवसांत चार देश उरकण्यात पक्षीही दिसत नाहीत आणि गावालाही काही मिळत नाही.

पहिली ट्रिप कुठे, आणि एक इंजेक्शन

दक्षिण अमेरिका एकदम नको. कोकणात जूनच्या आसपास नवरंग येतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला शीळ घालतो, आवाजावरून जागा हेरायची, सावलीत जमिनीवर शोधायचं, हे सगळं शिक्षण घरच्या घरी होतं. गोव्याचा राज्यपक्षी, तो लाल गळ्याचा पिवळा बुलबुल, घाटात जाऊन बघा. मग सिंहराजा, कोलंबोला उतरलं की रस्त्याने काही तासांत. हे पक्षी शांतपणे बघता यायला लागले की मग कोस्टारिका, त्यासाठी मार्च-एप्रिल चांगला, केत्सालची वीण तेव्हा चालू असते.

पेरू, इक्वाडोर, युगांडा असल्या देशांत जाणार असाल तर यलो फीव्हरची लस हवीच. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते, आणि सर्टिफिकेट लागू व्हायला लस घेतल्यापासून दहा दिवस जावे लागतात, पण एकदा घेतलं की जन्मभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. त्या देशातून परत येताना ते कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात, ह्यात ओळखपाळख चालत नाही. अपॉइंटमेंटला वेळ लागू शकतो, त्यामुळे तिकीट काढलं त्याच आठवड्यात नंबर लावा आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टच्याच पाऊचमध्ये ठेवा.